बांधावरची चव, कपातला चहा

वाचकहो, चहाविषयी कोणी तुम्हांला नव्याने काही सांगावे अशी गरज नाही. आपल्याकडे दिवस उजाडतो तो चहाने, पाहुणा दारात आला की आधण चढते ते चहाचे, आणि बैलाचा सौदा जमला तरी तोंड गोड होते ते चहानेच. शेतीखात्यातल्या माणसाची तर चहापासून सुटका नाही. कपाशीवरची कीड पाहून बांधावरून परतावे, तो कपबशी हजर. नको म्हणावे, तर घरधनिणीला वाटायचे की साहेबांना आमच्या घरचे चालत नाही. त्यामुळे पाच घरी गेलो की पाच कप, हा हिशेब गेली तीस वर्षे चालू आहे.

पण मंडळी, एक विचारतो. आज सकाळी घेतलेल्या चहाची चव कशी होती, हे तुम्हांला सांगता येईल का? 'गोड होता', 'दाट होता', 'चांगला गरम होता', एवढेच आठवेल. ही झाली साखरेची, दुधाची आणि विस्तवाची चव. चहाची चव यात कुठे आली? आपण चहा पितो, पण तो चाखत नाही.

म्हणून आज एका स्वस्त छंदाची ओळख करून देतो. बिनदुधाचा कोरा चहा करायचा, त्यात एका वेळी एकच वास घालायचा, आणि तो सावकाश चाखायचा. उद्या दुसरा वास, परवा तिसरा. एवढाच हा छंद. याला खर्च नाही म्हटले तरी चालेल, आणि लागणारे बहुतेक सामान आपल्या परसात किंवा डब्यात असतेच.

मला हा छंद लागला तो डॉक्टरांमुळे. चार वर्षांपूर्वी तपासणीत रक्तातली साखर काठावर निघाली आणि चहातली साखर बंद झाली. दुधाचा चहा बिनसाखरेचा घेऊन पाहिला, तो घशाखाली उतरेना. त्याच दिवाळीत पुण्याला शिकणारी मुलगी घरी आली, ती येताना वासाच्या काळ्या चहाची एक डबी घेऊन आली. आत सहा प्रकारच्या पुड्या होत्या. लिंबू, आले, वेलदोडा, पुदिना, दालचिनी ही पाच नावे ओळखीची. सहावे नाव परके, 'अर्ल ग्रे'. हे अर्ल ग्रे म्हणजे १८३० ते १८३४ या काळातले इंग्लंडचे पंतप्रधान. त्यांच्या नावाच्या या चहाला बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिलेला असतो. हे फळ आपल्या संत्र्या-लिंबांच्याच कुळातले, आणि त्याच्या बागा मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रिया भागात आहेत.

सहा दिवस सहा पुड्या झाल्या. साखर नव्हती, तरी एकही कप नकोसा वाटला नाही. सातव्या दिवशी मुलीने एका पुडीची किंमत सांगितली, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, एवढ्यात पाव लिटर दूध आले असते की! आणि यातले पाच वास तर आपल्याच घरात आहेत." खरेच होते ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवसापासून आम्ही आपल्याच घरात वास शोधू लागलो.

आधी चहाच्या पानाविषयी थोडे. चहाचे झाड एकच. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नव्हेत. तोडलेले कोवळे पान सुकवून, चुरडून हवेत ठेवले की ते तांबूस-काळे होते. चिरलेले वांगे काळे पडते ना, तशातलीच ही क्रिया. त्यानंतर पान वाळवले की झाला काळा चहा. आपण वापरतो तो दाणेदार चहा करताना पान दातेरी रुळांमधून दाबून, फाडून, वळवून काढतात. ही रीत १९३०च्या सुमारास आसामात निघाली. या दाण्याचा रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला तो चांगला. कोऱ्या चहाला मात्र तो हात आखडून घालावा लागतो. आणखी एक गोष्ट तुम्हांला आवडेल. चहा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहेबाचे मळे येतात. पण आज देशात होणाऱ्या चहापैकी निम्म्याहून अधिक चहा छोट्या उत्पादकांच्या पानांचा असतो. म्हणजे आपल्या कपातले पान बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याच्या रानातले असते.

आता कृती. एका कपाला अर्धा लहान चमचा चहा पुरे. पाणी खळखळून उकळावे, भांडे खाली उतरवावे, चहा टाकून झाकण ठेवावे आणि तीन मिनिटांनी गाळावे. चहा चुलीवर उकळत ठेवू नये. उकळला की तुरटपणा वाढतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. दुधाच्या चहात हा तुरटपणा दूध झाकून टाकते, म्हणून तिथे उकळलेले खपते. कोऱ्या चहाला झाकणारे कोणी नाही.

पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरच्या जड पाण्याचा कोरा चहा गढूळ दिसतो आणि वर तेलकट तवंग धरतो. तो पाण्यातल्या चुन्याचा प्रताप. तेच पान हलक्या पाण्यात टाकले, तर रंग लखलखीत तांबडा येतो. ज्या घरी विहीर आणि बोअर दोन्ही आहेत, त्यांनी दोन कप शेजारी ठेवून पाहावे.

वास घालण्याचा नियम साधा आहे. हिरवे पान असेल तर ते चहाबरोबर झाकणाखाली ठेवावे. मूळ किंवा साल असेल तर ती आधी पाण्यात उकळावी. रस असेल तर तो गाळल्यावर घालावा. पानातले सुगंधी तेल नाजूक असते, ते आच लागली की उडते. मुळातले आणि सालीतले लवकर सुटत नाही. इतके लक्षात ठेवले की पुढचे सगळे आपोआप जमते.

पहिला मान गवती चहाला. दोन पाती बोटभर लांबीच्या कापून घालावी. यात सिट्रल नावाचे सुगंधी द्रव्य असते आणि तेच थोड्या प्रमाणात लिंबाच्या सालीतही असते. म्हणून गवती चहाला आंबट न होता लिंबाचा वास येतो. दोन्ही एकाच दिवशी चाखून पाहा, नाते लगेच कळेल.

आले आणि सुंठ यांचीही अशीच गंमत. वस्तू एकच, पण वाळताना आल्यातले तिखट द्रव्य बदलते आणि अधिक झणझणीत होते. ओले आले जिभेच्या टोकाला लागते, सुंठ घशात जाऊन बसते. सुंठेचा चहा शेजारच्या आजींना दिला, तर त्या म्हणाल्या, "अरे बाबा, हा चहा कसला? हा तर बाळंतिणीचा काढा!" जाता जाता दुधाच्या चहाचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. ठेचलेले आले थेट दुधात टाकले तर पुष्कळदा दूध फाटते, कारण आल्यात दूध गोठवणारे एक द्रव्य असते. आले आधी पाण्यात चांगले उकळले की त्याचा जोर मोडतो.

तुळस आणि लवंग ही जोडी आमच्या घरी फार आवडती झाली. एक अंगणातली, दुसरी डब्यातली, पण दोघींत युजेनॉल हे एकच सुगंधी द्रव्य आहे. डोळे मिटून चाखले तर बहिणी-बहिणी वाटतात. लवंग मात्र एकच घालावी. दोन घातल्या की दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखे होते. दालचिनी घेताना साल पाहून घ्यावी. कागदाच्या गुंडाळीसारखी पातळ पदरांची साल ती अस्सल. जाड, एकपदरी साल बहुधा दुसऱ्याच झाडाची असते. कोकणातल्या आपल्या बांधवांना दालचिनी आणि जायफळ बाजारातून आणायचे कारण नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' आणि जायफळाची 'कोकण सुगंधा' अशा जाती दिल्या आहेत, आणि नारळी-पोफळीच्या सावलीत ही झाडे चांगली येतात.

लिंबाचा प्रयोग मुलांसमोर करा. गाळलेल्या कोऱ्या चहात लिंबाचे चार थेंब टाकले की काळपट तांबडा रंग क्षणात सोनेरी होतो. चहातली रंगद्रव्ये आंबटपणाने फिकट होतात, एवढेच त्यामागचे कारण. पण पोरांना ती जादूच वाटते. संत्र्याची साल सावलीत वाळवून ठेवली, तर त्या परक्या अर्ल ग्रेचा दूरचा चुलतभाऊ घरीच भेटतो.

आणि मोगरा! चीनमध्ये फुलांच्या वासाचा जो चहा करतात, त्यातले फूल म्हणजे आपला मोगराच. संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्या चहाच्या पानांत थर देऊन रात्रभर ठेवतात आणि सकाळी फुले काढून टाकतात. चांगल्या चहाला असे थर पुनःपुन्हा देतात. तिकडे हे बहुधा हिरव्या चहावर करतात, आम्ही आपल्या काळ्या चहावर केले. चार चमचे चहा, कुंडीतल्या मोगऱ्याची दहा-बारा फुले आणि एक काचेची बरणी. सकाळी फुले काढून चहा सावलीत पसरला. त्या दिवशीच्या कपाला वास इतका मंद होता की तो घोटाबरोबर नव्हे, घोट गिळल्यावर आला.

आता चाखण्याविषयी. कोलकाता, गुवाहाटी, कुन्नूर अशा ठिकाणी चहाचे लिलाव होतात. तिथल्या सौद्यांसाठी चहा चाखणारी माणसे असतात. ती चमच्यातला चहा मोठा आवाज करत तोंडात ओढतात. असे केल्याने चहा फवाऱ्यासारखा सगळ्या जिभेवर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. आपली म्हातारी माणसे बशीतून फुर्रकन चहा ओढतात तेव्हा सुना तोंडाला पदर लावून हसतात. त्यांना सांगा, आबा चुकत नाहीत, ही शास्त्रशुद्ध रीत आहे!

आम्ही हे काम प्रात्यक्षिकाच्या प्लॉटसारखे करतो. शेतात नवे खत पाहायचे तर शेजारी खत न घातलेला वाफा ठेवतो ना, तसा इथे एक साधा कोरा कप ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी, पान आणि वेळ सारखी. मग काय वाटले ते वहीत टिपायचे. माझ्या वहीत आजवर साठावर नोंदी झाल्या आहेत.

या वहीतले बरेचसे शेरे माझे नाहीत, सौ.चे आहेत. हे सांगण्यामागे कारण आहे. आपल्या घरांत बाईचा चहा कधी होतो, हे तुम्ही पाहिले आहे का? आधी घरची वडीलमंडळी, मग पुरुषमाणसे, मग पोरे, मग आलागेला. शेवटी पातेल्यात उरलेला, निवलेला, चोथ्याच्या चवीचा चहा ती चुलीजवळ उभ्या-उभ्या घशात ओतते आणि कामाला लागते. पुष्कळ घरी तर तो चहा म्हणजे भूक मारण्याचे साधन असते. आमच्या घरीही रीत याहून वेगळी नव्हती. पण चाखायचे म्हटले की दोन कप एकदम भरावे लागतात, दोघांना एकदम बसावे लागते, आणि चहा निवायच्या आत प्यावा लागतो. पहिल्या दिवशी सौ. पाटावर बसल्या खऱ्या, पण निम्मे लक्ष चुलीकडे. आता दुपारी चारला त्याच हाक मारतात, "अहो, या. आज ओळखा पाहू काय घातले आहे ते." त्यांचे नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. गवती चहा ताजा की कालचा, हे त्या वाफेवरून सांगतात. मला मात्र झाकण काढून पाहावे लागते. तीस वर्षांच्या संसारात रोज पाऊण तास एकत्र बसण्याइतके काम आम्हांला कधी सापडले नव्हते, ते या दोन कपांनी लावून दिले.

चव कळू लागली की आणखी एक गोष्ट होते. नको ते वासही कळू लागतात. मध्यंतरी एका गावी दौऱ्यावर असताना मी सवयीने कोरा चहा मागितला. पहिल्याच घोटाला फवारणीच्या औषधाचा वास आला. घरच्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "साहेब, आमचा चहा असाच असतो. आम्हांला तर काही लागत नाही." दूध-साखरेत तो वास बुडून जात होता. फडताळ उघडून पाहिले, तर खालच्या खणात औषधांच्या बाटल्या आणि वरच्या खणात सैल झाकणाचा चहाचा डबा. मंडळी, ज्या गुणामुळे चहा मोगऱ्याचा वास रात्रीत ओढून घेतो, त्याच गुणामुळे तो विषाचाही वास ओढतो. तो चहा त्यांनी माझ्यासमोर टाकून दिला आणि बाटल्या कुलुपाच्या पेटीत, घराबाहेरच्या खोपीत गेल्या. औषधे खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका, हे मी सभांतून किती वेळा सांगितले असेल. पण त्या दिवशी ते एका घोटाने सांगितले.

बांधाचेही तसेच आहे. हल्ली मजूर मिळत नाही म्हणून बांधावर सर्रास तणनाशक मारले जाते. त्यात गवती चहाचे ठोंब जातात, तुळस जाते, पुदिना जातो. वाचले तरी फवाऱ्याचे तुषार पडलेले पान उकळून पिण्याच्या लायकीचे राहत नाही. म्हणून चहाची झाडे शेताच्या बांधावर न लावता घराशेजारी, न्हाणीच्या वाहत्या पाण्यापासून थोडे दूर लावावी. मोगरा आणि संत्र्याची सालही घरच्या, न फवारलेल्या झाडाचीच घ्यावी. बाजारातले फूल गजऱ्याला ठीक, कपाला नव्हे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून थांबतो. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, मग तो कोरा असो की दुधाचा. भाजी-भाकरीतले लोह अंगी लागू न देण्याचा दुर्गुण चहात आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. चहा हेच त्याचे कारण असे नव्हे. पण जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे आपल्या हातात आहे, आणि भुकेच्या वेळी भाकरीऐवजी चहा न पिणेही. दुसरे असे की कोऱ्या चहामुळे जे दूध वाचते, ते डेअरीच्या कॅनमध्ये जाऊ देऊ नका. ते पोराच्या पेल्यात जाऊ द्या. चहातल्या दुधाने मोठ्यांचे काही फारसे साधत नाही, पोराचे मात्र साधते.

सगळ्यांनी दुधाचा चहा सोडावा असे माझे म्हणणे नाही. पाहुण्याला तोच करा, पहाटे धारा काढून आल्यावर तोच प्या. दिवसातला एक कप तेवढा चवीसाठी राखून ठेवा. येत्या पावसाळ्याच्या तोंडाला कोणाकडून तरी गवती चहाचे दोन ठोंब मागून आणा. कोणी नाही म्हणणार नाही. दीड-दोन फूट अंतराने लावा, पाती हाताला कापतात म्हणून विळ्याने कापा, आणि चार-पाच वर्षांनी ठोंब फोडून पुन्हा लावा. जादा पाती सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पहिली पाती कापाल त्या दिवशी पाणी दोन कपांचे ठेवा. एक तुमचा, आणि दुसरा घरात सगळ्यांत शेवटी चहा घेणाऱ्या माणसाचा.